हिवाळ्यातील घरची वीज : वाढता भार, कोरडी जमीन आणि वेळीच घ्यावयाची काळजी

खरिपाचा माल खळ्यावरून घरात येतो, गहू-हरभऱ्याची उगवण पुरी होते आणि दिवाळी सरल्यावर पहाटेचा गारठा वाढू लागतो. या दिवसांत शेतकरी कुटुंबातील विजेचा वापर कोणाच्या फारसे लक्षात न येता बदलतो. अंगणातील बंबाची जागा पाणी तापविण्याच्या रॉडने घेतलेली असते, कोंबड्यांच्या पिल्लांना ऊब देण्यासाठी दिवे लावले जातात आणि गोठ्यातील दिवा रात्रभर जळत राहतो.

विजेचे अपघात पावसाळ्यातच होतात, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ओल हे अपघाताचे मोठे कारण आहे हे खरे. परंतु हिवाळ्यातही दोन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. घरातील तारांवरचा भार वाढतो आणि त्याच सुमारास, पाऊस थांबल्यामुळे, जमीन वरून खाली सुकत जाते. पहिल्या गोष्टीमुळे तारा तापतात व बिघाड होतो. दुसरीमुळे, बिघाड झाल्यावर माणसाचे रक्षण करणारा भूसंपर्क, म्हणजे गावात ज्यास अर्थिंग म्हणतात तो, दुबळा पडतो. संकट आणि संरक्षणातील उणीव ही दोन्ही एकाच ऋतूत येत असल्यामुळे थंडीच्या सुरुवातीसच घरच्या विजेची पाहणी करून घेणे अगत्याचे आहे.

जुनी तार आणि नवा भार

महाराष्ट्र राज्य वीज मंडळाची स्थापना १९६० साली झाली व त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत खेडोपाडी वीज पोहोचली. त्या काळातील घरांत लाकडी पट्टीवरून ओढलेल्या तारा मुख्यतः दिव्यांसाठी होत्या. अशा अनेक घरांत भिंती नव्या झाल्या, पण तारा त्याच राहिल्या.

या तारांवर पडणारा भार साध्या हिशेबाने कळतो. प्रत्येकी ६० वॅटचे चार दिवे एकदम लावले तर भार २४० वॅट होतो आणि २३० व्होल्टच्या दाबाखाली तारेतून सुमारे १ अँपिअर प्रवाह वाहतो. त्याच तारेवर १५०० वॅटचा रॉड लावला तर प्रवाह साडेसहा अँपिअर होतो, म्हणजे सहापटीहून थोडा अधिक. तारेत निर्माण होणारी उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह सहापट झाला की उष्णता सहापट न होता सुमारे चाळीसपट होते. वरचे आवरण दररोज पहाटे असे तापले म्हणजे ते कडक होते, त्यास चिरा पडतात आणि एखाद्या दिवशी दोन तारा एकमेकींस टेकतात.

म्हणून दिव्यांच्या तारेवरून रॉड, गिझर, इस्त्री किंवा विजेची शेगडी कधीही चालवू नये. दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची, १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी अडीच चौरस मिलिमीटरची आणि ३ किलोवॅटच्या गिझरसाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरण्याची पद्धत आहे. रॉडला ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटमध्ये किंवा बाजारी एक्स्टेंशन बोर्डावर जागा देऊ नये. १५०० वॅटच्या रॉडचा प्रवाह त्या सॉकेटच्या मर्यादेपलीकडचा असतो. पिन बसत नाही म्हणून तारेची उघडी टोके सॉकेटच्या भोकांत घालून आगपेटीच्या काड्या खोचणे हा प्रकार तर पूर्णपणे बंद केला पाहिजे. अशा जोडात तारेचा व धातूचा स्पर्श जेमतेम असतो, तेथे ठिणग्या पडतात, आणि भूसंपर्काची तिसरी तार तर जोडलीच जात नाही.

सैल जोड ओळखणे कठीण नसते. रॉड काढल्यावर पिन हातास गरम लागणे, बोर्डाचा रंग तपकिरी पडणे, जळक्या रबरासारखा वास येणे, दिवा मधूनच लुकलुकणे ही त्याची लक्षणे होत. यांपैकी एक जरी आढळले तरी तो बोर्ड त्याच दिवशी बंद करून दुरुस्त करून घ्यावा.

पाणी तापविण्याचा रॉड

हिवाळ्यात घरात सर्वांत जोखमीची वस्तू कोणती असेल तर ती हा रॉड होय, कारण यात वीज, पाणी आणि माणसाचा हात ही तिन्ही एकत्र येतात. त्याच्या आतील तापणारी तार व बाहेरील धातूची नळी यांमध्ये भुकटीचा थर भरलेला असतो. नळीस बारीकशी चीर पडली की त्यात ओल शिरते, नळी विद्युतभारित होते आणि तिच्याबरोबर बादलीतील पाणीही. रॉड वरून धडधाकट दिसतो, पाणी नेहमीप्रमाणे तापत असते. बिघाड कळतो तो हात बुडविल्यावरच.

रॉड प्रथम पाण्यात खुणेपर्यंत बुडवावा, पिन बसवावी आणि मगच बटण लावावे. काढताना बटण बंद करावे, पिन उपसावी आणि नंतर रॉड बाहेर घ्यावा. पाणी तापले की नाही हे पाहण्यासाठी चालू रॉडच्या पाण्यात बोट घालण्याची सवय घरातील प्रत्येकाने सोडली पाहिजे. धातूची बादली रॉडमधील दोषाने विद्युतभारित होते आणि प्लॅस्टिकची बादली रॉड टेकल्यास वितळते. यास्तव चांगल्या जाड प्लॅस्टिकची बादली घेऊन रॉड आडव्या लाकडी पट्टीस मध्यभागी टांगावा. ही बादली मोरीच्या ओल्या फरशीवर न ठेवता कोरड्या जागी, लहान मुलांच्या वाटेबाहेर ठेवावी.

पाणी तापण्यास किती वेळ लागतो याचा अंदाज असला तर वारंवार पाहावे लागत नाही. २० लिटर पाणी १८ अंश सेल्सिअसवरून ४३ अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ०.५८ युनिट वीज लागते. हे काम १५०० वॅटचा रॉड सुमारे २३ मिनिटांत आणि १००० वॅटचा रॉड सुमारे ३५ मिनिटांत करतो. पहाटे सारे गाव एकाच वेळी पाणी तापवू लागले की विजेचा दाब उतरतो. दाब १८० व्होल्टपर्यंत खाली आला तर रॉडची शक्ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटते आणि २३ मिनिटांच्या कामास ३८ मिनिटे लागतात. त्याच वेळी कमी दाबावर चालणारी शीतकपाटाची व पाण्याची मोटर तापून जळण्याचा संभव असतो. शेजारच्या घरांनी आपसांत अर्ध्या-अर्ध्या तासाची वेळ वाटून घेतली तर सर्वांचाच लाभ होतो.

विहिरीच्या व कूपनलिकेच्या जड पाण्यामुळे रॉडवर क्षारांचा पांढरा थर बसतो. त्यामुळे उष्णता पाण्यात उतरत नाही आणि नळी आतून अधिक तापून फुटते. थंड झालेला, पिन काढलेला रॉड लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवून थर सोडवावा. सुरीने खरवडू नये. नवा रॉड घेताना भारतीय मानक ३६८ ची खूण पाहूनच घ्यावा.

फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

"आमच्या घरी फ्यूज आहे, भीती कसली?" असे पुष्कळ ठिकाणी ऐकावयास मिळते. या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. फ्यूज किंवा त्याच्या जागी आलेला एमसीबी स्विच हा तारांचे व घराचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. ६ अँपिअरचा फ्यूज वितळण्यास ६ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. माणसाच्या शरीरातून सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी स्नायू आखडून हातातील वस्तू सुटत नाही, आणि ३० मिलिअँपिअरच्या वरचा प्रवाह टिकून राहिल्यास तो श्वासास व हृदयास घातक ठरू शकतो. ६ अँपिअर म्हणजे ३० मिलिअँपिअरच्या २०० पट. अर्थात माणूस दगावला तरी फ्यूज जागच्या जागी शाबूत राहतो.

तरीही फ्यूज योग्य मापाचाच हवा. थंडीत तो वरचेवर जाऊ लागला की त्याजागी जाड तार, केसातील पिन किंवा तांब्याच्या तारेचे तीन-चार पदर घालण्याकडे कल होतो. फ्यूज जाणे ही तक्रार नसून सूचना आहे. ती बंद पाडल्यास फ्यूजऐवजी भिंतीतील तार जळते, आणि घरात कापूस, कडबा किंवा धान्याची पोती असली तर आग आटोक्यात राहत नाही.

जमीन सुकली की भूसंपर्क दुबळा होतो

उपकरणाच्या धातूच्या भागात वीज उतरली तर ती जमिनीत सहज निघून जावी, यासाठी घराबाहेर खड्ड्यात नळी पुरून तिच्याशी भूसंपर्काची तार जोडलेली असते. पाणी ज्याप्रमाणे मोकळ्या पाटाने धावते त्याप्रमाणे वीजही कमी विरोधाच्या मार्गाने अधिक वाहते. हा पाट मोकळा ठेवणे हे जमिनीतील ओलीचे काम आहे.

जमिनीचा स्वभाव शेतकऱ्यास सांगावयास नको. विदर्भ, मराठवाडा व खानदेश या भागांतील भारी काळी जमीन पावसाळ्यात फुगते व ओल धरते; पण पाऊस गेल्यावर ती आकसते व तिला भेगा पडतात. त्या भेगांत पुरलेल्या नळीचा मातीशी स्पर्श सुटतो. मुरमाड व खडकाळ जमिनीत ओल मुळातच टिकत नाही. म्हणून श्रावणात उत्तम असलेला भूसंपर्क माघात तसाच असेल असे धरून चालता येत नाही.

उदाहरणार्थ, एखाद्या घराच्या भूसंपर्काचा विरोध सुकल्यामुळे १०० ओहमपर्यंत गेला असे समजू. गिझरच्या टाकीत वीज उतरली तर २३० व्होल्टच्या दाबाने जमिनीत केवळ २.३ अँपिअर प्रवाह जाईल. तेवढ्याने १६ अँपिअरचा फ्यूज वितळणार नाही आणि टाकी विद्युतभारित राहील. विरोध १४ ओहम असला तरी प्रवाह १६ अँपिअरच्या आसपास, म्हणजे फ्यूजच्या जेमतेम काठावरच येतो. फ्यूज तत्काळ जावयाचा असेल तर विरोध याहून बराच कमी असावा लागतो.

भूसंपर्क ठीक आहे की नाही हे दिवा लावून पाहण्याची रीत आहे. ती फसवी आहे. १०० वॅटचा जुना तारेचा दिवा अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह घेतो. भूसंपर्काचा विरोध १०० ओहम असला तरी तो दिवा थोडासाच मंद दिसेल आणि घरधनी निश्चिंत होईल. खरी परीक्षा अर्थ टेस्टर या यंत्राने, परवानाधारक वीज ठेकेदाराकडून, आणि तीही जमीन सुकलेली असताना करून घ्यावी.

भूसंपर्काविषयीचे भारतीय मानक ३०४३ हे १९६६ साली प्रथम प्रसिद्ध झाले व २०१८ साली सुधारण्यात आले. नेहमीच्या पद्धतीत जस्ताचा मुलामा दिलेली सुमारे ४० मिलिमीटर व्यासाची व अडीच मीटर लांबीची लोखंडी नळी उभी पुरतात आणि भोवती कोळसा व मीठ यांचे थर देतात. खड्डा भिंतीपासून किमान दीड मीटर दूर असावा. मोरीच्या सांडपाण्याने ज्या जागी परसात केळी-अळू वाढते तशी कायम ओलसर जागा यासाठी उत्तम. मात्र जनावरांच्या दावणीजवळ हा खड्डा घेऊ नये, कारण बिघाडाच्या वेळी नळीभोवतीच्या जमिनीतही विजेचा दाब पसरतो. कार्तिकापासून पाऊस पडेपर्यंत दर आठवड्यास नळीच्या तोंडातून बादलीभर पाणी घालावे. मिठाने नळी गंजते, यास्तव वरचा जोड दरवर्षी उघडून घासूनपुसून घट्ट करावा. न्यूट्रल तार तुटली म्हणून भूसंपर्काच्या तारेवर दिवे चालविणे हा अत्यंत घातक उपाय होय. त्यामुळे घरातील साऱ्या उपकरणांचे धातूचे भाग विद्युतभारित होऊ शकतात.

जीव वाचविणारा स्विच

या सर्व अडचणीत भरवशाचा सोबती म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी स्विच, ज्यास बाजारात अद्याप ईएलसीबी असेही म्हणतात. घरात जाणारा व घरातून परतणारा प्रवाह यांची तो सतत तुलना करतो. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजेच वीज भलत्या वाटेने जमिनीत जाऊ लागली, की तो निमिषार्धात पुरवठा तोडतो. वरील उदाहरणातील २.३ अँपिअरची गळती फ्यूजला कळली नाही. या स्विचला ती पुरेशीहून अधिक आहे. भूसंपर्क चांगला असेल तर माणसाचा हात लागण्यापूर्वीच तो पुरवठा बंद करतो. दोघांची जोडी असावी; एक आहे म्हणून दुसऱ्याची हयगय करू नये. या स्विचवर परीक्षेचे एक बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर वीज गेली नाही तर स्विच बदलावा. आणि स्विच वारंवार पडत असेल तर त्यास बगल देऊन तार जोडू नये. कोठे गळती आहे ते शोधावे.

उंदीर, दव आणि गोठा

खरिपाची शेते मोकळी झाली आणि धान्य घरात आले की उंदीरही त्यामागोमाग येतात. माळवदात व कणगीमागे असलेल्या तारांचे आवरण ते कुरतडतात. धान्याची थप्पी तारेस किंवा बोर्डास टेकवून लावू नये आणि तारा नळीतून न्याव्यात. अंगणातील व गोठ्यातील उघड्या बोर्डांवर पहाटे दव साचते; त्यांस झाकणाची पेटी बसवावी व ओल्या हाताने बटणास स्पर्श करू नये.

जनावरांस विजेचा धक्का माणसाहून लवकर जाणवतो. त्यांचे चारही पाय शेण-मुताने ओल्या झालेल्या जमिनीवर उघडे टेकलेले असतात व पुढच्या-मागच्या पायांत अंतरही बरेच असते. गाय एखाद्या खांबास टेकताच दचकते, गव्हाणीतील पाणी पिण्यास नाखूश असते, असे दिसल्यास प्रथम विजेची गळती तपासावी. गोठ्याच्या पत्र्यावरून किंवा लोखंडी खांबावरून उघडी तार नेऊ नये.

कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते व पुढे दर आठवड्यास ती सुमारे ३ अंशांनी उतरवितात. यासाठीचे दिवे तारेवर लोंबकळत न ठेवता साखळीने टांगावेत व त्यांना जाळीची टोपी असावी. दिवा सुटून भाताच्या तुसावर पडला तर काही क्षणांत आग लागते.

कपडे वाळत घालण्यासाठी लोखंडी तार बांधण्याची पद्धत अनेक जीव घेऊन गेली आहे. तिचे एक टोक विजेच्या खांबास, पत्र्याच्या शेडास किंवा घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरीच्या आधारतारेस बांधलेले असते. वरच्या तारेचे आवरण झिजले की ओला कपडा टाकणारी गृहिणी थेट विजेस स्पर्श करते. या कामासाठी नायलॉनची किंवा सुताची दोरीच वापरावी. कडब्याची गंजी विजेच्या तारांखाली रचू नये आणि उंच भरलेली गाडी तारांखालून नेताना वर पाहूनच न्यावी.

झटका बसल्यास

विजेस चिकटलेल्या माणसास हाताने ओढू नये. तसे करणाराही त्यात सापडतो. प्रथम मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या काठीने तार दूर करावी. हे घरातील तारांपुरतेच लागू आहे. बाहेरील उच्च दाबाची तार तुटलेली असल्यास जवळ न जाता पुरवठा बंद करण्यासाठी १९१२ या क्रमांकावर कळवावे. माणूस सुटल्यावर श्वास चालत नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटास १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. मदत येईपर्यंत यात खंड पडू देऊ नये. विजेच्या आगीवर पाणी ओतू नये. पुरवठा बंद करून कोरडी वाळू टाकावी.

थंडीपूर्वी करावयाची पाहणी

१. रॉड व गिझर यांसाठी स्वतंत्र जाड तार, तीन पिनांचा प्लग व १६ अँपिअरचे सॉकेट आहे काय?

२. रॉडवर क्षार, चीर किंवा गंज आढळतो काय?

३. फ्यूजची तार योग्य मापाचीच आहे ना?

४. भूसंपर्काचा जोड घट्ट व खड्डा ओला आहे ना? अर्थ टेस्टरने त्याची परीक्षा केव्हा झाली?

५. ३० मिलिअँपिअरचा स्विच बसविला आहे काय, व परीक्षेचे बटण दाबताच तो पडतो काय?

६. कपड्यांची तार, गोठ्याचा बोर्ड व पिल्लांचे दिवे सुरक्षित आहेत ना?

पेरणीपूर्वी बियाणे निवडणे व अवजारे दुरुस्त करणे यास कोणी वाया गेलेला वेळ म्हणत नाही. घरच्या विजेसाठी दिलेला एक दिवसही त्याच मोलाचा आहे. जाणत्या ठेकेदारास बोलावून रब्बीच्या धांदलीपूर्वीच ही पाहणी उरकून घ्यावी, म्हणजे थंडीची पहाट घरातील सर्वांना निर्धास्तपणे घालविता येईल.